लांब पल्ल्याच्या खेळाडूंनी कीटोन सप्लिमेंट घ्यावं का?

मॅरेथॉन, ट्रायथलॉन किंवा लांब पल्ल्याचं सायकलिंग करणाऱ्याने कीटोन पेय घ्यावं का, असं तुम्ही विचारलं आहे. माझं मत स्पष्ट आहे: शर्यतीसाठी घेऊ नका. फार जड सरावाच्या आठवड्यांत करून पाहायला हरकत नाही, पण तेही खाणं आणि झोप आधीच नीट असेल तरच.

कीटोन म्हणजे यकृत चरबीपासून बनवतं ते इंधन. ते प्यायल्याने चरबी जास्त जळते असं अनेकांना वाटतं. होतं उलट. रक्तात बीएचबी, म्हणजे बीटा-हायड्रॉक्सिब्युटिरेट हे मुख्य कीटोन, वाढलं की चरबीच्या पेशींमधून मेदाम्लं सुटणं कमी होतं. किटो आहारात कर्बोदकं तोडल्यामुळे यकृत स्वतः कीटोन बनवतं. बाटलीतलं कीटोन मात्र ग्लायकोजेनची, म्हणजे शरीरात साठवलेल्या कर्बोदकांची, कोठारं भरलेली असतानाही रक्तात येतं. स्नायूंना जादा इंधन मिळेल आणि ग्लायकोजेन शेवटासाठी शिल्लक राहील, ही मूळ कल्पना त्यातूनच आली.

२०१६ साली ऑक्सफर्डच्या गटाने या कल्पनेला बळ देणारा प्रयोग प्रसिद्ध केला. एक तास ठरावीक वेगाने सायकल चालवून झाल्यावर ३० मिनिटांच्या टाइम ट्रायलमध्ये (घड्याळाविरुद्धच्या चाचणीत), कीटोन एस्टर (पेयातलं कीटोनचं एक रूप) आणि कर्बोदकं एकत्र घेतलेले सायकलपटू सुमारे २ टक्के, म्हणजे ४०० मीटरच्या आसपास, पुढे गेले. पण ही चाचणी फक्त ८ जणांवर झाली होती. पुढच्या प्रयोगांत तो फायदा टिकला नाही. २०१७ मध्ये व्यावसायिक सायकलपटूंना वेगळ्या प्रकारचं एस्टर दिलं, तर ते सुमारे २ टक्क्यांनी मंदावले आणि पोटंही बिघडली. २०१९ मध्ये धावपटूंच्या १० किलोमीटरच्या वेळेत काहीच फरक पडला नाही. २०२३ च्या प्रयोगात २० मिनिटांच्या टाइम ट्रायलमध्ये सायकलपटूंची ताकद पुन्हा दोनेक टक्क्यांनी घटली.

असं का होतं हे समजून घेण्यासारखं आहे. चढावर किंवा शेवटच्या काही किलोमीटरांत स्नायूंना ग्लुकोज भराभर फोडावं लागतं, आणि कीटोन नेमकी तीच क्रिया मंदावतं. प्रयोगांत लॅक्टेट (ग्लुकोज भराभर फोडताना तयार होणारा पदार्थ) कमी दिसतं त्यामागेही बहुधा हेच कारण आहे. खेळाडू ताजातवाना आहे असा त्याचा अर्थ काढू नये. शिवाय एस्टर पचल्यावर आम्ल तयार होतं, रक्ताचा सामू (पीएच) उतरतो आणि आम्लाला आवर घालणाऱ्या बायकार्बोनेटचा साठा खर्च होतो. म्हणजे जोर लावायच्या वेळी ज्या साठ्याची गरज, तोच आधी वापरला गेलेला असतो. त्याच तीव्रतेला हृदयाचे ठोकेही अनेकदा वाढलेले दिसतात.

सरावानंतर भरून निघण्याबाबत मी दार पूर्ण बंद करत नाही. २०१९ मध्ये बेल्जियममधल्या गटाने तीन आठवडे मुद्दाम अति सराव करवला आणि प्रत्येक सरावानंतर व झोपण्यापूर्वी २५ ग्रॅम एस्टर दिलं. तिसऱ्या आठवड्यात त्या गटाने लांब सत्राच्या अखेरीस सुमारे १५ टक्के जास्त ताकद लावली. आकडा मोठा आहे, पण हे लोक जेवतही जास्त होते, त्यामुळे श्रेय कीटोनचं किती आणि जादा खाण्याचं किती हे वेगळं काढता येत नाही. जागतिक सायकलिंग संघटना यूसीआयने ऑक्टोबर २०२५ मध्ये, कामगिरी किंवा रिकव्हरीसाठी ठोस पुरावा नाही, म्हणून आपण याची शिफारस करत नाही, असं सांगितलं.

घ्यायचंच ठरवलं तर लेबल नीट वाचा. मोनोएस्टर (एस्टरचा एक प्रकार) महाग आणि कडू असतं, पण रक्तातलं बीएचबी लिटरमागे ३ मिलिमोलच्या आसपास तेच नेतं. बीएचबीच्या क्षारांची पावडर सहसा १ मिलिमोलच्या पलीकडे जात नाही, आणि १० ग्रॅम बीएचबी फक्त सोडियमच्या क्षारातून घेतलं तर सोबत सुमारे २.२ ग्रॅम सोडियम पोटात जातं. जागतिक आरोग्य संघटनेची दिवसाची मर्यादाच २ ग्रॅम आहे. ‘रास्पबेरी कीटोन’ला तर हातही लावू नका, तो फळाच्या वासाचा घटक आहे, त्याचा या इंधनाशी संबंध नाही.

पहिला प्रयोग हलक्या सरावानंतर, अर्ध्या मात्रेने, जेवणासोबत करा. कर्बोदकांच्या जागी कधीच घेऊ नका, कारण रक्तातली साखर उतरते. मळमळ, आंबट ढेकर किंवा जुलाब झाले तर तिथेच थांबा. मोजायचं असेल तर बोटातून रक्त घेणाऱ्या मीटरने मोजा. लघवीची पट्टी अ‍ॅसिटोअ‍ॅसिटेट दाखवते, बीएचबी नाही.

तेच पैसे मी आधी कर्बोदकांवर लावायला सांगेन. अडीच तासांहून लांब शर्यतीत ताशी ६० ते ९० ग्रॅम, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज मिसळून. आणि हे प्रमाण काही आठवडे सरावात हळूहळू वाढवायचं, कारण आतड्यालाही सवय लागते. झेपत असेल तर शर्यतीच्या तासभर आधी वजनाच्या दर किलोमागे ३ मिलिग्रॅम कॅफिन. या दोन्हींमागे कीटोनपेक्षा कितीतरी भक्कम पुरावा आहे.

कीटोन वाडाच्या, म्हणजे जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या, प्रतिबंधित यादीत नाही. तरी डोपिंग चाचणी होणाऱ्या खेळाडूने त्रयस्थ संस्थेने तपासलेल्या बॅचचाच डबा घ्यावा, कारण कोणत्याही सप्लिमेंटमध्ये भेसळीचा धोका असतो. टाइप १ मधुमेह असेल किंवा एसजीएलटी२ गटातली (मधुमेहावरची) गोळी चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे अजिबात घेऊ नका. कीटोअ‍ॅसिडोसिस, म्हणजे कीटोन फार वाढून रक्त आम्लधर्मी होण्याचा आजार, सुरू झाला, तर मीटरवर चढलेलं कीटोन बाटलीतलं आहे की आजाराचं हे कळायला वेळ जाईल, आणि त्या अवस्थेत उशीर जिवावर बेतू शकतो.