लग्न जरूर करा, बक्षीसपत्र मात्र थांबवा

डोंबिवलीच्या 63 वर्षांच्या एका वाचकांचं पत्र आहे. पत्नी चार वर्षांपूर्वी कर्करोगाने गेल्या. सकाळी बागेत फिरताना 57 वर्षांच्या एका बाईंशी ओळख झाली. त्याही एकट्या. दिवाळीनंतर दोघं नोंदणी पद्धतीने लग्न करणार आहेत. ‘बीपीची गोळी घेतली का, हे विचारणारं माणूस पुन्हा मिळालं,’ असं ते लिहितात. एफडीत 52 लाख आहेत, स्वतःची पेन्शन 3,000, दोघांचा खर्च महिना 38,000 धरलाय. प्रश्न असा: होणाऱ्या पत्नीसाठी बँकेने सुचवलेली ‘गॅरंटीड इन्कम’ पॉलिसी घ्यावी का? सात वर्षं 4 लाखांचा हप्ता, आठ वर्षं झाल्यावर पुढची दहा वर्षं दरसाल 4 लाख 40 हजार.

आणि खाली ता. क.: ‘मुलांच्या मनात किंतु नको, म्हणून लग्नाआधी फ्लॅट मुलगा आणि मुलीला बक्षीसपत्राने देऊन टाकतोय. वकिलांकडे सोमवारी जायचंय.’

नमस्कार. तुमचं पत्र वाचून फार बरं वाटलं. पॉलिसीचं आधी उरकतो: घेऊ नका. बँकेतल्या मुलाने सांगितलेले 110 टक्के हे एका वर्षाच्या हप्त्याचे आहेत, व्याजाचे नव्हेत. 28 लाख भरून 44 लाख मिळतात, पण मधे इतकी वर्षं जातात की परतावा जेमतेम पाच टक्के पडतो. पहिला रुपया हाती येईल तेव्हा तुम्ही 71 वर्षांचे असाल. व्याजावर घर चालवणाऱ्या निवृत्त माणसाला वर्षाला चार लाखांचा हप्ता गळ्यात बांधणं हा सल्ला नाही, ही विक्री आहे, आणि मला तिचा राग येतो. सही करून बसला असाल तर पॉलिसी हातात पडल्यापासून 30 दिवसांत परत करता येते.

आता सोमवारचं. ती वेळ रद्द करा.

तुम्ही लिहिलंय, फ्लॅट 1998 मध्ये ‘आमच्या दोघांच्या नावावर’ घेतला. मग तो आज पूर्ण तुमचा नाहीच. पत्नींनी मृत्युपत्र केलं नव्हतं. हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे त्यांचा अर्धा हिस्सा तुम्ही, मुलगा आणि मुलगी अशा तिघांत सारखा वाटला जातो. फ्लॅट 90 लाखांचा धरू. त्यांचे 45 लाख, म्हणजे प्रत्येकी 15. तुमचे एकूण 60, मुलांचे 15-15. मुलांना तुमच्याकडून दान म्हणून काय द्यायचं, याच्या आधी त्यांना आईकडून जे आलंय त्याची नोंद करा. चार वर्षं सोसायटीच्या कागदावर काहीच बदललं नाही, आणि तुमच्या तिन्ही एफडींवर नॉमिनी म्हणून अजून पत्नींचंच नाव आहे. ते पुसायला हात धजत नाही, हे मला समजतं. पण हे काम या महिन्यात व्हायला हवं.

उरलेले 60 लाखही आज देऊ नका. बक्षीसपत्र नोंदलं की घर गेलं. मुलं चांगली आहेत, मान्य. उद्या मुलाला पुण्यात घर घ्यायला पैसे लागले, मुलीच्या घरी काही अडचण आली, तर हा फ्लॅट विकायचा विचार त्यांच्या मनात येणं यात वाईटपणा नाही. त्या वेळी तुम्ही नसाल तर या बाई कुठे जातील? ‘ती म्हणते मला काही नको,’ असं तुम्ही लिहिता. त्या आज 57 च्या आहेत. 82 व्या वर्षी छप्पर लागणारच, आणि तेव्हा हे वाक्य कुणी विचारात घेणार नाही.

मुलांची भीतीही खोटी नाही. मृत्युपत्र न करता तुम्ही गेलात तर तुमच्या 60 लाखांचे तीन वाटे होतील, 20-20. बाईंच्या वाट्याचे 20 लाख पुढे त्यांच्या स्वतःच्या लेकीकडे जातील, तुमच्या मुलांकडे नाही. हे उघडपणे, चौघांनी समोरासमोर बसून बोला.

यावर मार्ग आहे तो मृत्युपत्राचा. बाईंना तहहयात राहण्याचा हक्क, विकण्याचा नाही, आणि त्यांच्यानंतर घर तुमच्या मुलांचं. मृत्युपत्राला मुद्रांक शुल्क नाही, दोन साक्षीदार लागतात. मात्र नमुना इंटरनेटवरून उतरवू नका. पत्नीला पोटगीच्या हक्कापोटी दिलेला मर्यादित अधिकार पूर्ण मालकीत बदलू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने 1977 मध्येच सांगितलंय. एका शब्दाने अर्थ फिरतो. सोमवारच्याच वकिलांना हे काम सांगा.

बाईंसाठी रोख पैसा वेगळा हवा. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत 30 लाख, 8.2 टक्के, म्हणजे महिन्याला साधारण 20,500. पोस्टाच्या मासिक योजनेत 9 लाख बाईंच्या नावावर, 7.4 टक्क्यांनी 5,500. उरलेल्या 13 लाखांच्या एफडीचे सातेक हजार आणि तुमची पेन्शन धरून 36,000 होतात. दोन हजारांची तूट मुद्दलातून भागेल. पोस्टातले पैसे लग्नानंतरच द्या. आधी दिलेत तर 50,000 वरची भेट बाईंच्या उत्पन्नात करासाठी धरली जाते. आता बँकेत चार नॉमिनी लावता येतात, टक्केवारीसकट. त्या चौकटीत बाई आणि दोन्ही मुलं बसतात. फक्त नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, मृत्युपत्र आणि नॉमिनी जुळले पाहिजेत.

बाईंची विधवा पेन्शन 2,800 आहे. ईपीएसची, म्हणजे भविष्य निर्वाह निधीच्या पेन्शन योजनेची, असल्याने पुनर्विवाहाबरोबर ती थांबेल, आणि मित्र म्हणतात म्हणून लग्न न करता एकत्र राहू, असं तुमच्या मनात घोळतंय. वर्षाचे 33,600. ते भरून काढायला आठ टक्क्यांनी चार-सव्वाचार लाख पुरतात. एवढ्यासाठी बाईंचं पत्नीपण अडवू नका. आणि लग्न करून पेन्शन चालू ठेवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. हयातीच्या दाखल्यात पुनर्विवाह केला नसल्याचं लिहून द्यावं लागतं, पुढे वसुली होते.

शेवटी लॉकरमधले पत्नींचे वीस तोळे. त्यावरही तिघांचा हक्क आहे, पण तुमचा तिसरा हिस्सा सोडा आणि सगळे दागिने लग्नाआधी मुलांच्या हातात द्या. मुलीला लॉकरशी सोबत घेऊन जा, आईच्या पाटल्या तिलाच उचलू दे.