मॅग्नेट शाळेत शिकवायला निघालेल्या शिक्षिकेस

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

नेमणूक झाली, एक्स्चेंज व्हिसाचे कागद आले, आणि तुझ्या वाट्याला अमेरिकेतल्या मिडल स्कूलचा मॅग्नेट विभाग, म्हणजे खास अभ्यासक्रमाच्या ओढीने दूरच्या वस्त्यांतूनही मुलं येतात तो विभाग, आला: सहावी ते आठवीचं गणित आणि जोडीला विद्यार्थी नेतृत्वाचा तास. पाचवी-आठवीच्या शिष्यवृत्तीची मुलं तू इथे तयार केली आहेस, त्यामुळे तल्लख मुलं तुला नवी नाहीत. पण शिष्यवृत्तीच्या तयारीत आपण सराव वाढवतो, घड्याळ लावतो, आणि तिथे त्याचा उपयोगही होतो. मॅग्नेटमध्ये नेमकी हीच सवय आधी आडवी येते, म्हणून सविस्तर लिहिते.

पोचल्यावर पहिला प्रश्न विचार: सगळी शाळा मॅग्नेट आहे, की नेहमीच्या शाळेच्या आत हा एक विभाग आहे? दुसरा प्रश्न: प्रवेश चाचणीच्या गुणांवर होतो, लॉटरीने होतो, की आधी गुणांची अट आणि मग लॉटरी? या दोन उत्तरांवर तुझं वर्षभराचं नियोजन अवलंबून आहे.

मॅग्नेट शाळा मुळात हुशार मुलांसाठी निघाल्या नाहीत, हे लक्षात ठेव. १९५४च्या ब्राउन खटल्याच्या निकालाने वर्णानुसार वेगळ्या सरकारी शाळा घटनाबाह्य ठरवल्या. तरी वस्त्या वेगळ्याच राहिल्या आणि शाळा वस्तीप्रमाणे भरत राहिल्या. मुलांना सक्तीने बसने दूरच्या शाळेत पाठवायला अनेक शहरांत कडाडून विरोध झाला. त्यातून निघालेली वाट अशी, की एखाद्या शाळेत असं काही शिकवायचं की पालक आपण होऊन मुलाला दुसऱ्या वस्तीत पाठवतील. वॉशिंग्टन राज्यात टकोमा शहरातली मॅकार्व्हर प्राथमिक शाळा १९६८मध्ये या पद्धतीने सुरू झाली. तिला पहिली मॅग्नेट शाळा मानतात. १९७०च्या दशकात केंद्र सरकारचा पैसा येऊ लागला आणि १९८४मध्ये त्यासाठी स्वतंत्र योजना झाली.

हे तुला वर्गात रोज दिसेल. शाळेच्या आत विभाग असेल, तर मॅग्नेटची मुलं लांबून पिवळ्या बसने येतात आणि त्याच इमारतीत आजूबाजूच्या वस्तीतली मुलंही शिकतात. जेवणाच्या हॉलमध्ये टेबलं आपोआप वेगळी पडतात. विद्यार्थी परिषदेच्या सगळ्या जागा मॅग्नेटच्या मुलांनी घेतल्या, की वस्तीतल्या मुलांना स्वतःच्याच शाळेत पाहुण्यासारखं वाटू लागतं. म्हणून नेतृत्वाची प्रत्येक समिती दोन्हीकडच्या मुलांची मिळून कर, निम्मी-निम्मी. आणि बैठका शाळेच्या वेळात घे. सुटल्यावर ठेवल्यास ज्यांच्याकडे गाडी आहे तीच मुलं थांबतात, बसची निघून जातात. उशिराची बस आहे का, कोणत्या दिवशी आहे, हे ऑफिसात पहिल्याच आठवड्यात विचारून घे.

आता गणित. अमेरिकेत साधारणपणे अल्जिब्रा १, म्हणजे बीजगणिताचा पहिला अभ्यासक्रम, नववीत येतो. प्रगत विभागात तो आठवीत, कधी सातवीतच घेतात, आणि त्यासाठी सहावी-सातवी-आठवीचा तीन वर्षांचा अभ्यास दोन वर्षांत किंवा त्याहून कमी वेळात बसवतात. बऱ्याच जिल्ह्यांत त्या अल्जिब्राची श्रेणी थेट हायस्कूलच्या गुणपत्रकात जाते, तेव्हा चूक महाग पडते. या दाटीत सगळ्यांत आधी बळी जातो तो गुणोत्तर-प्रमाणाचा. मुलं तिरकस गुणाकार झटकन करतात, पण दोन राशी सोबत कशा बदलतात हे त्यांनी पाहिलेलं नसतं. मग आठवीत रेषेचा चढ शिकवताना वर्ग अडतो आणि आपल्याला वाटतं, चढच अवघड आहे.

पहिल्या आठवड्यात तीन प्रश्न दे आणि उत्तरासोबत कारण लिहायला सांग. तीन चतुर्थांशाला दोन तृतीयांशाने भागण्याचं चित्र काढा. उणे तीनमधून उणे सात वजा केल्यावर काय उरतं, ते संख्यारेषेवर दाखवा. वस्तूची किंमत २० टक्क्यांनी वाढली, मग २० टक्क्यांनी उतरली, तर मूळ किमतीवर आली का? तिसऱ्याला बरीच मुलं ‘हो’ म्हणतील. १००चे १२० आणि १२०चे ९६ होतात हे त्यांनी स्वतः शोधू दे. मॅप ग्रोथसारखी संगणकीय चाचणी तुझ्या शाळेत असली तर ती वर्षातून साधारण तीनदा होते आणि रिट नावाचा आकडा देते. तो वाढीचा कल दाखवतो, पण मुलाला भागाकाराचं चित्र काढता येतं का, हे तो सांगत नाही.

प्रत्येक घटकाआधी दहा प्रश्नांची पूर्वचाचणी घे. ज्याला आठ किंवा जास्त आले, त्याच्याकडून तो घटक पुन्हा घोटून घेऊ नकोस. त्या तासांत त्याला दुसरं, खोल काम दे. रोजच्या सरावातही शेवटचे पाच सर्वांत अवघड प्रश्न आधी ठेव. पाचपैकी चार बरोबर आले तर बाकीचे वीस माफ. प्रगत वर्ग म्हणजे दुप्पट गृहपाठ, हा समज पालकांत आणि शिक्षकांतही खोलवर आहे, आणि मुलांचा गणितातला रस त्यानेच आटतो.

खोल काम म्हणजे काय, ते एका उदाहरणावरून सांगते. शंभर लॉकर, सगळे बंद. पहिला मुलगा प्रत्येक लॉकर उघडतो, दुसरा प्रत्येक दुसरा बंद करतो, तिसरा प्रत्येक तिसऱ्याची स्थिती पालटतो, असं शंभराव्यापर्यंत. शेवटी उघडे किती? दहा: १, ४, ९, १६ असे पूर्ण वर्ग, कारण विभाजकांची संख्या विषम असते ती फक्त त्यांचीच. पंचेचाळीस मिनिटांच्या तासात पाच मिनिटं प्रत्येकाने एकट्याने, बोलायचं नाही. मग वीस मिनिटं जोडीने, पंधरा मिनिटं फळ्यावर चर्चा, शेवटची पाच मिनिटं ‘मला कुठे अडलं’ हे लिहायला. पहिली पाच मिनिटं सोडलीस तर वेगवान दोन मुलं सगळ्यांचं उत्तर देऊन टाकतील. आणि उत्तर ‘पूर्ण वर्ग’ एवढ्यावर आलं की थांबू नकोस. विभाजक जोडीने येतात आणि वर्गसंख्येत एक जोडी स्वतःशीच जुळते, हे मुलांच्या तोंडून येईपर्यंत वाट पाहा.

घटक आधीच येणाऱ्या मुलीला शेजारच्याला शिकवायला बसवण्याचा मोह तुला होईल, आणि त्याला नेतृत्व हे नाव देणंही सोपं जाईल. कधीतरी चालेल, पण रोज नको. ती शाळेत शिकायला आली आहे, तुझी मदतनीस म्हणून नाही. शेजारच्या मुलालाही आपण मागे आहोत हे रोज दाखवलं जातं.

या मुलांपैकी बरीचशी सहावीपर्यंत कधीच अडलेली नसतात. पहिल्यांदा अडल्यावर ती रडत नाहीत, लपतात. प्रश्न विचारणं बंद होतं, वहीत खोडाखोड वाढते, चाचणीच्या दिवशी पोट दुखतं आणि नर्सकडे जायची चिठ्ठी मागितली जाते. दुसरी खूण गुणांच्या संगणकीय नोंदीत सापडते: पाच कामांत शंभर-शंभर आणि एक जमाच न केलेलं, शून्य. सरासरी ८३, म्हणजे ‘बी’. हे मूल गणितात कच्चं नाही. सहा-सात शिक्षकांच्या सूचना सांभाळणं त्याला कोणी शिकवलेलं नाही. दर शुक्रवारी दहा मिनिटं वर्गातच दप्तर आणि ती नोंद तपासायला दे. घरी पालकांवर सोपवलंस तर घराघरात भांडणं होतील.

पहिल्याच आठवड्यात ५०४ योजना आणि आयईपी, म्हणजे अपंगत्व किंवा शिकण्यातली अडचण असलेल्या मुलासाठी शाळेने लेखी ठरवलेल्या सोयी, असलेल्या मुलांचे कागद वाच. १९७३च्या पुनर्वसन कायद्याच्या कलम ५०४वरून ५०४ हे नाव पडलं. जादा वेळ, पुढचं बाकडं, प्रश्न वाचून दाखवणं, जे लिहिलं आहे ते कायद्याने बंधनकारक आहे. प्रगत वर्गात हे कमी असेल असं धरून चालू नकोस. वाचनदोष असलेली, लक्ष टिकवायला धडपडणारी मुलं गणितात विलक्षण असू शकतात.

आणखी एक सवय विमानात बसण्याआधी सोड: वर्गात गुण वाचून दाखवणं, पहिला-दुसरा नंबर लावणं, यादी भिंतीवर डकवणं. फर्पा या १९७४च्या कायद्याने विद्यार्थ्याची शैक्षणिक नोंद खाजगी आहे. तुझ्या गावात मराठी कुटुंबं असतील, महाराष्ट्र मंडळाच्या गणेशोत्सवात ती भेटतील आणि मोदकाचं ताट हातात देता देता विचारतील, ‘आमच्याचं कसं चाललंय? आणि त्यांच्या मुलीचं?’ पहिल्या प्रश्नाला शाळेतली वेळ दे, दुसऱ्याला नम्र नकार. मूल सातवीतच अल्जिब्रात टाकावं असा त्यांचा आग्रह असेल, तर वर सांगितलेले तीन प्रश्न आणि मुलाने लिहिलेली कारणं समोर ठेव. आकड्यांवर वाद होतो. मुलाचं हस्ताक्षर पाहिल्यावर पालक ऐकतात.

नेतृत्वाच्या तासाचं खरं दुखणं निवडणुकीत आहे. पोस्टरं लागतात, भाषणं होतात, लोकप्रिय मुलगा अध्यक्ष होतो आणि वर्षभर त्याला काहीही काम नसतं. त्याऐवजी पाच-सहा मुलांच्या समित्या कर आणि प्रत्येकीला शाळेला खरोखर लागणारं एक काम दे: सकाळच्या सूचना, वर्षाच्या मध्यात आलेल्या नव्या मुलाला आठवडाभर सोबत, जेवणाच्या रांगेचा गोंधळ, अन्नधान्य गोळा करण्याची मोहीम. साधारण नऊ आठवड्यांच्या दर सत्राला पदं बदल, म्हणजे वर्षात प्रत्येक मूल एकदा तरी बैठक चालवतं आणि एकदा तरी इतिवृत्त लिहितं.

काम सुरू करण्याआधी समितीसमोर तीन रकान्यांचा कागद ठेव: तुम्ही स्वतः ठरवायचं ते, विचारून ठरवायचं ते, आणि तुमच्या हातात नसलेलं. हा कागद मुख्याध्यापकांना आधी दाखवून घे. मुलांनी महिनाभर खपून केलेली योजना वरून एका वाक्यात रद्द झाली, की ती पुन्हा मनापासून काही मागत नाहीत, आणि हा प्रकार होतो तो मर्यादा आधी सांगितल्या नाहीत म्हणून.

बैठक तीस मिनिटांची. मागच्या कामांचा हिशेब तीन मिनिटं, एकाच निर्णयावर वीस, कोण-काय-कधी हे लिहायला पाच, उरलेली दोन आवरायला. ठराव मांडणं, अनुमोदन, चर्चा, मतदान हा क्रम शिकव, आणि अध्यक्षाने आपलं मत शेवटी द्यायचं हा नियम कर. तीन मुलंच बोलत असतील तर प्रत्येकाला तीन सोंगट्या दे. एकदा बोललं की एक मधे टाकायची. तू कोपऱ्यात बस आणि कोण किती बोललं याच्या रेघा ओढ. ती शांतता तुला जड जाईल, तरी मध्ये पडू नकोस.

पैशाच्या बाबतीत मात्र कडक राहा. रोख रक्कम मुलांकडे किंवा तुझ्या ड्रॉवरमध्ये रात्रभर राहता कामा नये. त्याच दिवशी शाळेच्या हिशेबनिसाकडे, पावतीसकट. खाद्यपदार्थ विकून निधी जमवायची कल्पना पहिल्याच बैठकीत निघेल. २०१४पासून शाळेच्या वेळात मुलांना विकल्या जाणाऱ्या खाण्याला केंद्राचे पोषणाचे निकष लागू आहेत, त्यामुळे घरचा केक विकणं बहुतेक वेळा बसत नाही. राज्याने काही दिवसांची सूट दिली आहे का ते विचार. शेंगदाण्याच्या आणि सुक्या मेव्याच्या ॲलर्जीचं भान ठेव. आपल्या चिक्की-लाडवांचा प्रश्न तिथेच येतो.

मॅथकाउंट्स या मिडल स्कूलच्या गणित स्पर्धेचा संघ तुझ्याकडे देतील. त्यात स्प्रिंट फेरीत ४० मिनिटांत ३० प्रश्न, गणकयंत्राविना; टार्गेट फेरीत आठ प्रश्न, दोन-दोनच्या जोडीने, दर जोडीला सहा मिनिटं; सांघिक फेरीत २० मिनिटांत दहा. घड्याळ लावायची तुझी जुनी सवय इथे कामी येईल. ती या संघापुरतीच ठेव.

सहावीच्या पहिल्या घटकाची पूर्वचाचणी तयार झाली की निघण्याआधी पाठव. प्रश्न सोपे-अवघड कसे लावलेस, आणि आठची रेघ नेमकी कुठे पडते, ते आपण फोनवर बसून पाहू.

तुझी हितचिंतक