तिसऱ्या आठवड्यातला कंटाळा

रोजचा व्यायाम सुरू केलास आणि तिसऱ्या आठवड्यात कंटाळा आला म्हणतोस, म्हणजे अगदी वेळेवर आला! २१ दिवसांत सवय लागते हे आधी डोक्यातून काढ. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली यांच्या अभ्यासात सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागले. कुणाला १८ पुरले, तर कुणाचा अंदाज थेट २५४ वर गेला. मधे एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलं नाही, हेही त्यात दिसलं. मी मात्र सुरुवातीला एक खाडा झाला की आठवडाभर बूट कोपऱ्यात टाकायचो.

आता नियम एकच: लागोपाठ दोन खाडे नाहीत. आळस आलाय? दहा मिनिटं चालायचं, मग परत फिरायची मुभा. (ताप असेल तर मुकाट झोपायचं.) एकदा बाहेर पडलं की बहुतेक वेळा परत फिरावंसं वाटतच नाही. आणि वेळ ठरवण्यापेक्षा व्यायाम रोजच्या कामाला बांध: दात घासले की बूट.

जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. पहिल्याच महिन्यात तिथवर धावू नकोस. वजनकाटाही रोज बघू नकोस, नुसत्या पाण्यानेच तो वरखाली होतो. त्यापेक्षा जिना चढताना धाप किती लागते ते बघ.