‘यापुढे काळजी घेईन’ या वाक्याविषयी

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद. तुझे पत्र परवा मिळाले आणि मी ते दोनदा वाचले. एकच वस्तू तू स्वतःच्या वेबसाइटवर आणि दुसऱ्या एका मोठ्या विक्री-संकेतस्थळावर अशी दोन ठिकाणी विकायला ठेवली होतीस. एकीकडचा साठा संपल्याचे दुसरीकडे कळले नाही आणि हातात नसलेल्या मालाच्या 37 ऑर्डर एका रात्रीत घेतल्या गेल्या. हे सारे काहीही न लपवता लिहिलेस, याचे मला समाधान वाटले. प्रत्येक ग्राहकाचे पैसे दुसऱ्याच दिवशी परत केलेस आणि प्रत्येकाला स्वतंत्रपणे कळवलेस, तेही योग्यच झाले. मात्र पत्राच्या शेवटी तू लिहिले आहेस, ‘यापुढे मी अधिक काळजी घेईन.’ मला चिंता वाटते ती या वाक्याची, आणि हे उत्तर मुख्यतः त्याविषयीच आहे.

काळजी घेण्याचा निश्चय मनापासून केलेला असला, तरी त्याने कामाच्या पद्धतीत काहीच बदलत नाही. चूक ताजी असते तोवर तो निश्चय टिकतो. मग एखाद्या दिवशी ऑर्डर वाढतात, त्याच वेळी पुरवठादाराचा फोन येतो, झोप अपुरी झालेली असते आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. एकट्याने किंवा दोघांनी चालवलेल्या व्यवसायात तर हे अधिकच घडते, कारण खरेदी, छायाचित्रे, पॅकिंग, हिशेब आणि ग्राहकांची उत्तरे ही सगळी कामे एकाच डोक्यात गर्दी करून असतात.

माझ्याच व्यवसायातली एक गोष्ट सांगतो. मी कागदी लॅम्पशेड ऑनलाइन विकायला सुरुवात केली, तेव्हा खोक्यासकट एक नग तराजूवर ठेवला. वजन 900 ग्रॅम भरले. एक किलोच्या पार्सलला कुरिअर किती आकारते ते पाहून मी घरपोच पाठवण्याचा खर्च ठरवला आणि तो किमतीत धरला. तिसऱ्या महिन्यात विक्री दुप्पट झाली. त्या महिन्याइतका आनंद मला त्या व्यवसायात पूर्वी कधी झाला नव्हता. मग कुरिअरचे बिल आले आणि त्यात प्रत्येक पार्सलचे वजन 11 किलोहून अधिक लावलेले होते. मी रागाने फोन केला, वाद घातला आणि वहीत ठळक अक्षरांत लिहून ठेवले, ‘कुरिअरने फसवले.’

कुणीही फसवले नव्हते. हलक्या पण मोठ्या पार्सलचे वजन त्याने अडवलेल्या जागेवरून धरतात, ज्याला त्या धंद्यात ‘व्हॉल्युमेट्रिक’ वजन म्हणतात. खोक्याची लांबी, रुंदी आणि उंची सेंटीमीटरमध्ये मोजून त्यांचा गुणाकार करायचा आणि त्याला सहसा 5000 ने भागायचे. जे उत्तर येते ते आणि प्रत्यक्ष वजन यांपैकी जे जास्त असेल त्यावर आकारणी होते. माझे खोके 40 बाय 40 बाय 35 होते, म्हणजे 11.2 किलो. हा नियम कुरिअरच्या दरपत्रकाच्या मागच्या बाजूला छापलेला होता आणि ती बाजू मी कधी उलटून पाहिली नव्हती. प्रत्येक विक्रीमागे मला तोटा होत होता, त्यामुळे विक्री दुप्पट झाली तेव्हा तोटाही दुप्पट झाला.

दोन आठवड्यांनी राग ओसरला, तेव्हा वहीतले ते वाक्य मी खोडले आणि त्याखाली लिहिले, ‘खोक्याचे माप कधीच घेतले नाही.’ वाक्य बदलताच उपायही बदलला. नवी वस्तू विक्रीला ठेवण्यापूर्वी मी जो तक्ता भरत असे, त्यात लांबी, रुंदी आणि उंची असे तीन रकाने वाढवले आणि ते रिकामे असतील तोवर वस्तू वेबसाइटवर चढवायची नाही, असा नियम केला. पुढे कारागिराबरोबर बसून लॅम्पशेड घडी घालून सपाट पाठवता येईल अशी करून घेतली. खोक्याची उंची 35 सेंटीमीटरवरून 6 वर आली आणि हिशेबाचे वजन दोन किलोच्या आत. ‘कुरिअरने फसवले’ हे वाक्य तसेच राहिले असते, तर मी फक्त कुरिअर बदलले असते आणि पुढच्या महिन्यात तेच बिल दुसऱ्या नावाने आले असते.

आता तुझ्या 37 ऑर्डरींकडे याच नजरेने पाहू. टोयोटा कंपनीत ताइइची ओनो यांनी रुजवलेली एक पद्धत आहे. बिघाड दिसला की ‘का’ हा प्रश्न पाच वेळा विचारायचा, म्हणजे वरवरच्या कारणापाशी थांबण्याची सवय मोडते. पाच हा आकडा काही पवित्र नाही; तुझ्या बाबतीत चारच पुरतील. नसलेल्या मालाची ऑर्डर का घेतली गेली? कारण दुसऱ्या ठिकाणी साठ्याचा आकडा जुनाच होता. तो जुना का राहिला? कारण तू तो रोज संध्याकाळी हाताने बदलतोस आणि ऑर्डर रात्री आल्या. हाताने का बदलतोस? कारण सुरुवातीला विक्री एकाच ठिकाणी होती आणि तेव्हा ते पुरत होते. मग दुसरे ठिकाण जोडताना ही पद्धत पुन्हा का तपासली नाही? तुझी खरी चूक इथे आहे. ती त्या रात्री झालेलीच नाही. तीन महिन्यांपूर्वी, दुसरे ठिकाण जोडल्याच्या दिवशी झाली आणि त्या रात्री फक्त उघडी पडली. त्या रात्री तू जागा राहिला असतास, तर ती आणखी काही दिवस झाकलेली राहिली असती, इतकेच.

म्हणून उपायही त्या दिवसाला लागू पडणारा हवा. दोन्ही ठिकाणांचा साठा जोडणारे सॉफ्टवेअर घेता आले तर उत्तम. तूर्त ते परवडत नसेल, तर साठा वाटून टाक. 50 नग असतील, तर 30 एका ठिकाणी दाखव, 15 दुसऱ्या ठिकाणी आणि 5 कुठेच दाखवू नकोस. काही विक्री हातची जाईल; ती जाऊ दे. एक विक्री हुकण्यापेक्षा घेतलेली ऑर्डर रद्द करणे कितीतरी महाग पडते, कारण पहिल्या प्रसंगी ग्राहकाला काहीच कळत नाही आणि दुसऱ्या प्रसंगी तुझ्या नावावरचा विश्वास उडतो.

पद्धतीत बदल करण्याचा आग्रह मी का धरतो, हे एका जुन्या अपघातावरून स्पष्ट होईल. 30 ऑक्टोबर 1935 रोजी अमेरिकेत बोइंगचे ‘मॉडेल 299’ हे नवे विमान चाचणीसाठी उडाले आणि काही क्षणांत कोसळले. त्यात दोघांचा मृत्यू झाला. यंत्रात बिघाड नव्हता आणि वैमानिक अतिशय अनुभवी होते. जमिनीवर उभे असताना वाऱ्याने सुकाणूचे भाग हलू नयेत म्हणून लावलेली कळ सोडायची राहून गेली होती. त्यानंतर वैमानिकांनी अधिक दक्ष राहावे असा उपदेश करून कुणी थांबले नाही. उड्डाणापूर्वी वाचायच्या बाबींची एक छोटी यादी तयार झाली आणि पुढे ती विमानचालनाचा भागच बनली. तुझ्याकडेही अशी एका पानाची यादी असावी, आणि तिच्यातली प्रत्येक ओळ प्रत्यक्ष घडलेल्या चुकीतून आलेली असावी.

आता थोडे वहीविषयी. चूक झाल्यावर लिहिणे चांगलेच, पण निर्णय घेतानाच तो का घेतला हे लिहून ठेवणे अधिक मोलाचे आहे. निकाल कळला की आठवण आपोआप बदलते आणि ‘मला तेव्हाच शंका आली होती’ असे आपण प्रामाणिकपणे मानू लागतो. तारीख, निर्णय, तो घेण्याचे कारण आणि काय घडेल असे वाटते, एवढ्या चार ओळी पुरतात. याचा आणखी एक लाभ आहे. निर्णय चुकला होता की केवळ योगायोग आडवा आला, हे त्या ओळींवरून बरेचसे ठरवता येते. तू लिहितोस की जुन्या छायाचित्रावर 200 जणांतून 7 ऑर्डर आल्या आणि नव्यावर 200 जणांतून 4, म्हणून नवे छायाचित्र चुकले. इतक्या लहान आकड्यांत एवढा फरक निव्वळ योगायोगानेही सहज पडतो. तो अनुभव म्हणून धरू नकोस. आणखी काही आठवडे थांब.

दुधाने तोंड पोळले की माणूस ताकही फुंकून पितो, हेही लक्षात ठेव. दुसरे विक्रीचे ठिकाण बंदच करून टाकण्याचा तुझा विचार मला तसाच वाटतो. जी चूक आठवड्याभरात निस्तरता येते, ती करण्याची मुभा स्वतःला दिलीच पाहिजे. फार सावध राहायचे ते परत फिरता येत नाही अशा पावलांबाबत. वेबव्हॅन या अमेरिकी कंपनीने 1999 मध्ये घरपोच किराणा द्यायला सुरुवात केली आणि एका शहरातले गणित फायद्यात येण्याआधीच अनेक शहरांत अवाढव्य गोदामे उभारण्यासाठी सुमारे 1 अब्ज डॉलरचा करार केला. जुलै 2001 मध्ये ती दिवाळखोरीत गेली. तुझ्या प्रमाणात अशी पावले म्हणजे वर्षभराचा माल एकदम भरणे किंवा कर्ज काढून जाहिरात करणे.

एक चूक तू अजून केलेली नाहीस आणि ती दुसऱ्याच्या खर्चाने शिकावीस, अशी माझी फार इच्छा आहे. 31 जानेवारी 2017 रोजी गिटलॅब या कंपनीतल्या एका अभियंत्याने रात्री उशिरा, दमलेल्या अवस्थेत, चुकीच्या सर्व्हरवरचा डेटाबेस पुसून टाकला. बॅकअपच्या आणि प्रती ठेवण्याच्या पाच व्यवस्था होत्या, पण गरज पडली तेव्हा त्यांतली एकही भरवशाची निघाली नाही. सहा तासांपूर्वी दुसऱ्याच कामासाठी घेतलेली एक प्रत होती, म्हणून त्याआधीची माहिती तरी वाचली. कंपनीने हे सगळे जाहीरपणे मांडले आणि त्या अभियंत्याच्या माथी दोष मारला नाही. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा! तुझ्या ऑर्डरींचा बॅकअप रोज घेतला जातो असे तू म्हणतोस, पण त्यातून सगळी माहिती परत उभी करून तू कधी पाहिली आहेस का? येत्या रविवारी रिकाम्या संगणकावर ते करून पाहा आणि किती वेळ लागला ते लिहून ठेव.

पुढच्या पत्रासोबत मला वहीची दोन पाने पाठव. एकावर दुसरे विक्रीचे ठिकाण जोडण्याचा निर्णय तू कसा आणि का घेतला होतास ते लिही, आज जे कळले आहे ते त्यात न मिसळता. दुसऱ्यावर तुझी तपासणी-यादी, चारपाच ओळींचीच का असेना. त्या 37 ग्राहकांपैकी किती जण परत आले, हेही कळव.

तुझा हितचिंतक