रेडिएशननंतरचा खोकला: टीबीच्या गोळ्या सुरू करण्याआधी

स्तनाच्या कॅन्सरवर रेडिएशन घेतलेल्या वा घेणार असलेल्या वाचकांच्या पत्रांपैकी फुप्फुसाविषयीचे चार प्रश्न या वेळी घेतले आहेत.

प्रश्न: आईचं वय ५८. डाव्या स्तनाचं ऑपरेशन, केमो आणि मग रेडिएशन झालं. शेवटचं सिटिंग होऊन दोन महिने झाले. तीन आठवड्यांपासून कोरडा खोकला, संध्याकाळी बारीक ताप, रेल्वेचा पूल चढताना धाप. अँटिबायोटिकचे दोन कोर्स झाले, फरक नाही. एक्स-रेत डाव्या फुप्फुसाच्या वरच्या टोकाला पॅच आहे. फॅमिली डॉक्टर टीबीची औषधं सुरू करू म्हणतात. करावीत का? (डोंबिवली)

आधी आईची रेडिएशनची फाइल काढा आणि त्यात दोन गोष्टी बघा: शेवटच्या सिटिंगची तारीख, आणि गळ्याच्या हाडावरच्या खळग्यातल्या गाठींनाही रेडिएशन दिलं होतं का. फाइलमध्ये 'सुप्राक्लॅव्हिक्युलर' किंवा आखडून 'एससीएफ' असं लिहिलेलं असतं.

तारखेचं महत्त्व असं, की रेडिएशनने फुप्फुसाला येणारी सूज, म्हणजे रेडिएशन न्यूमोनायटिस, उपचार चालू असताना सहसा दिसत नाही. ती शेवटच्या सिटिंगनंतर एक ते तीन महिन्यांत डोकं वर काढते, क्वचित सहा महिन्यांपर्यंत. तोवर घरच्यांच्या लेखी रेडिएशन संपलेलं असतं आणि खोकल्याचा त्याच्याशी संबंध असेल हे कुणाच्या मनात येत नाही. आईची लक्षणं या वेळापत्रकात चपखल बसतात.

आता जागेचं. स्तनावर तिरके किरण सोडले तरी बरगड्यांमागची फुप्फुसाची पातळ पट्टी त्यांच्या वाटेत येतेच. गळ्यालगतच्या गाठींवर किरण दिले तर फुप्फुसाचं वरचं टोक सापडतं. टीबीचीही आवडती जागा नेमकी तीच, त्यामुळे साध्या एक्स-रेवर दोन्ही सारखे दिसतात. एचआरसीटी, म्हणजे फुप्फुसाचा बारकाईने काढलेला सीटी स्कॅन, केला तर फरक कळू शकतो. रेडिएशनच्या पॅचची कड बऱ्याचदा सरळ रेषेत कापल्यासारखी असते, कारण तो किरणांच्या हद्दीप्रमाणे उमटतो. फुप्फुसाच्या नैसर्गिक कप्प्यांशी त्याला देणंघेणं नसतं. सीटी वाचणाऱ्या डॉक्टरांना रेडिएशनचा भाग आणि तारीख फॉर्मवरच लिहून द्या. नाहीतर रिपोर्टमध्ये 'कॉक्सचा संशय' (कॉक्स म्हणजे टीबी) हे शब्द येतात आणि गाडी त्याच रुळावर जाते.

तरीही मुंबईत टीबी इतका आहे, की त्याला न तपासता बाद करता येत नाही. सकाळचा बेडका सीबीनॅट (टीबीचे जंतू शोधणारी जलद चाचणी) आणि कल्चरसाठी (जंतू वाढवून पाहायला) द्या. बेडका पडतच नसेल तर छातीचे डॉक्टर ब्राँकोस्कोपीने, म्हणजे श्वासनलिकेत दुर्बीण घालून, नमुना घेऊ शकतात. चूक दोन्हीकडून महागात पडते. टीबी असताना रेडिएशनची सूज समजून नुसतं स्टिरॉइड दिलं तर तो फोफावतो. टीबी नसताना औषधं दिली तर सहा महिने यकृतावर नाहक भार पडतो. शिवाय आई टॅमॉक्सिफेन (कॅन्सर परतू नये म्हणून देतात ती हार्मोनविरोधी गोळी) घेत असेल तर टीबीच्या औषधांतलं रिफॅम्पिसिन रक्तातलं टॅमॉक्सिफेन पार खाली आणतं. टीबी खरोखर निघाला, तर कॅन्सरच्या डॉक्टरांना हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका.

सूजच निघाली आणि त्रास काही नसेल, तर औषध लागत नाही. आईला धाप आणि ताप आहे, तेव्हा प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड द्यावं लागेल असं दिसतं. सुरुवातीचा डोस बहुधा दिवसाला ४० ते ६० मिलिग्रॅम, वजनाप्रमाणे; साधारण दोन आठवड्यांनी तो हळूहळू उतरवत एकूण दीड ते तीन महिने. गोळी सकाळी नाश्त्यानंतर घ्यावी. खोकला सहसा काही दिवसांतच कमी होतो, आणि गडबड होते ती इथे: बरं वाटलं म्हणून गोळ्या एकदम थांबवल्या जातात, आणि सूज उलटते. डायबिटिस असेल तर पहिल्या आठवड्यापासून घरी साखर मोजा. २० मिलिग्रॅमहून जास्त डोस महिनाभर चालणार असेल, तर विशिष्ट न्यूमोनिया टाळण्यासाठी कोट्रायमॉक्साझोल जोडायचं का, हे विचारून घ्या.

एक गोष्ट मात्र थांबण्याची नाही. धाप अचानक वाढली, एका पायाची पोटरी सुजून दुखू लागली, खोकल्यातून रक्त आलं, किंवा ऑक्सिमीटर ९४ च्या खाली जाऊ लागला, तर त्याच दिवशी कॅज्युअल्टीत जा. फुप्फुसात रक्ताची गुठळी असू शकते, आणि टॅमॉक्सिफेनने तो धोका वाढतो. दोन्ही पाय सुजत असतील, आडवं झाल्यावर दम लागत असेल, तर हृदयाचा इको हवा. डॉक्सोरुबिसिन किंवा ट्रॅस्टुझुमॅब ही हृदयाला इजा करू शकणारी कॅन्सरची औषधं घेतलेल्यांत हृदयाच्या त्रासाची शंका आधी घ्यावी. ऑक्सिमीटर लावताना नेलपॉलिश पुसा, आणि बसून मोजल्यावर घरात पाचसहा मिनिटं चालून परत मोजा. चालल्यावरची घसरण जास्त बोलकी असते.

प्रश्न: पत्नीचं रेडिएशन पुढच्या आठवड्यात सुरू होतंय. फुप्फुस वाचवायला काय करता येतं? श्वास रोखायला सांगितलंय. (ठाणे)

नियोजनाचा तक्ता कॉम्प्युटरवर तयार असतो, तेव्हा थेट विचारा: 'त्या बाजूच्या फुप्फुसाचा व्ही-ट्वेंटी किती?' म्हणजे २० ग्रे (ग्रे हे किरणांच्या डोसचं माप) किंवा त्याहून जास्त डोस किती टक्के फुप्फुसाला मिळतोय. पूर्वीच्या २५ सिटिंगच्या पद्धतीत फक्त स्तनाला किरण असतील तर हा आकडा साधारण १५ ते २० च्या आत ठेवायचा प्रयत्न असतो, गाठींनाही असतील तर ३० ते ३५ पर्यंत चालवून घेतात. आता १५ सिटिंगमध्ये ४० ग्रे किंवा काही जणींना ५ सिटिंगमध्ये २६ ग्रे देतात. तिथे मोजणीची रेघ २० च्या खाली घेतात, त्यामुळे दोन पेशंटांचे आकडे एकमेकांशी ताडून घाबरू नका.

खोल श्वास रोखण्याची पद्धत मुख्यतः डाव्या बाजूच्या पेशंटांत हृदय किरणांपासून लांब नेण्यासाठी आहे. फुप्फुसही फुगून मोठं होतं, त्यामुळे किरणांत सापडणारा हिस्सा टक्केवारीत बहुधा कमी होतो. सराव घरी करा: पाठीवर झोपून, हात डोक्यावर, श्वास छातीत भरायचा, पोटात नाही, २० सेकंद धरून सोडायचा, मग नेहमीचे दोनचार श्वास आणि पुन्हा. पाठ उचलून कमान करू नये, मोजमाप चुकतं. ऑपरेशनच्या बाजूचा हात वर जात नसेल, तर फिजिओथेरपी आजच सुरू करा. सर्दी-खोकला झाला तर टेक्निशियनला आधी सांगा.

प्रश्न: रोज चारपाच सिगारेट ओढते. रेडिएशननंतर सोडली तर चालेल? (गोरेगाव)

नाही, आधी सोडा. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या एकत्रित विश्लेषणात आजच्या पद्धतीच्या रेडिएशनमुळे पुढे फुप्फुसाचा कॅन्सर होण्याचा जादा धोका, वर्षानुवर्षं ओढून पुढेही ओढत राहणाऱ्यांत सुमारे ४ टक्के आणि न ओढणाऱ्यांत ०.३ टक्के निघाला. सिगारेट ओढणाऱ्यांना न्यूमोनायटिस थोडा कमी होतो असं काही अभ्यासांत दिसलं आहे. ती सवलत म्हणून घेऊ नका. (घरात तव्यावर मिश्री भाजत असाल तर तिचा धूरही छातीतच जातो.)

प्रश्न: रेडिएशनला सव्वा वर्ष झालं. त्रास काही नाही, पण सीटीच्या रिपोर्टमध्ये 'पोस्ट रेडिएशन फायब्रोसिस' लिहिलंय. हे वाढत जाणार का? आमच्या इमारतीच्या डक्टमध्ये कबुतरं फार आहेत, त्याने बिघडेल का? (परळ)

ज्या भागाला किरण लागले तिथला हा व्रण आहे. तो सहा महिने ते वर्षभरात दिसू लागतो आणि साधारण दोन वर्षांत जिथल्या तिथे थांबतो. फुप्फुसभर पसरत जाणारा फायब्रोसिसचा आजार वेगळा. त्रास नसेल तर औषध नको. स्टिरॉइडने व्रण विरघळत नाही. जुन्या सीटीची सीडी मात्र जपा. पुढच्या वेळी निव्वळ रिपोर्ट नव्हे, चित्रं शेजारी ठेवून पाहिली जावीत, कारण व्रणात नवी गाठ उठली तर ती अशीच कळते. पॅच रेडिएशनच्या हद्दीबाहेर, दुसऱ्या फुप्फुसातही दिसू लागले, जागा बदलू लागले, तर तो ऑर्गनायझिंग न्यूमोनिया, म्हणजे जंतूंशिवाय येणारी फुप्फुसाची सूज, असू शकतो. त्यावर स्टिरॉइड छान लागू पडतं, पण थांबवल्यावर तो उलटू शकतो. ट्रॅस्टुझुमॅब डेरक्स्टेकान हे नवं इंजेक्शन चालू असलेल्यांनी साधा खोकलाही लगेच कळवावा; ते स्वतःच फुप्फुसाला सूज आणू शकतं.

कबुतरांमुळे व्रण वाढत नाही. पण त्यांच्या वाळलेल्या विष्ठेच्या आणि पिसांच्या धुळीने काहींना ॲलर्जीचा वेगळाच फुप्फुसविकार होतो, आणि आधीच थोडं फुप्फुस गमावलेल्याला तो जड जातो. डक्टला जाळी बसवून घ्या. साठलेली घाण कोरडी झाडू नका. पाणी मारून, एन-९५ मास्क लावून, आणि तेही घरातल्या दुसऱ्या कुणाकडून काढून घ्या.