जिप्सीचा कॉम्प्युटर रिमॅप करण्याआधी थर्मोस्टॅट जागेवर आहे का ते बघा

तुमचा प्रश्न असा: २००६ ची मारुतीची जिप्सी किंग एमपीएफआय (कार्बुरेटरऐवजी कॉम्प्युटरच्या हुकमानं पेट्रोल सोडणारी), २०५/७० आर१५ काढून २३५/७५ चे टायर टाकलेत, घाटात ओढत नाही, लिटरला साडेसात किलोमीटरच्या वर जात नाही. गॅरेजवाला म्हणतोय इंजिनाचा कॉम्प्युटर रिमॅप करा (म्हणजे त्यातलं पेट्रोल-इग्निशनचं कोष्टक बदला) नाहीतर पिगीबॅक (त्याला जोडायचा जादा डबा) बसवा. करावं का?

नका करू. निदान आत्ता नको. ‘कॉम्प्युटरचाच प्रॉब्लेम आहे’ हे वाक्य ऐकलं की मला अजून राग येतो, म्हणून एवढं लिहायला बसलोय.

आमच्या वडिलांनी सेकंडहँड एमपीएफआय जिप्सी घेतली. १२९८ सीसी, १६ व्हॉल्व्ह, ८० बीएचपी. गगनबावड्याकडं आमचं शेत आहे, पावसाळ्यात तिथं दुसरी गाडी जात नव्हती. लिटरला अकरा द्यायची. एका मे महिन्यात करूळ घाट चढताना गरम झाली. रेडिएटर गाळानं भरला होता, एवढंच कारण. पण मेस्त्रीनं रेडिएटर वरवर धुतला आणि थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडं जाऊ न देणारी झडप) काढून फेकून दिला. ‘हे थंड देशातलं काम, आपल्याकडं गरज नाही.’ आम्हाला हे सांगितलंही नाही.

त्यानंतर टेंपरेचरचा काटा कधी वर गेला नाही आणि सगळे खूश. पण महिन्याभरात मायलेज सातवर आलं. प्लग काळे, सायलेन्सरला पेट्रोलचा वास, चढाला गाडी जड. तोच मेस्त्री म्हणाला, कॉम्प्युटर गेलाय. वडिलांनी जुन्या बाजारातून नऊ हजाराला दुसरा आणला. काडीचा फरक पडला नाही.

इथं आमचे दाजी आले. त्यांच्याकडं जुनी ९७० सीसीची कार्बुरेटरवाली जिप्सी. त्यांचं ठाम मत, इंजेक्शनची गाडी रानात चालत नाही, कार्बुरेटर बसवा नाहीतर विका. वडिलांनी विकली नाही, पण चालवणं सोडलं. चार वर्षं ती गोठ्याशेजारी ताडपत्रीखाली उभी होती. फसलो, असं ते आल्यागेल्याला सांगायचे. ते ऐकणं मला फार जड जायचं.

शेवटी मी एक मल्टिमीटर घेतला. कूलंट (इंजिन गार ठेवणारं पाणी) टेंपरेचर सेन्सर गरम होईल तसा त्याचा रेझिस्टन्स उतरतो. २० अंशांना दोन-अडीच हजार ओहम, ८० अंशांना तीनशेच्या आसपास. अर्धा तास गाडी चालवून मोजला तर आठशे. म्हणजे इंजिन पन्नासच्या घरातच घुटमळतंय. हाऊसिंग उघडलं, आत काही नव्हतं. नुसती पोकळी.

कॉम्प्युटरला सेन्सर सांगेल तेवढंच कळतं. इंजिन गार आहे असं कळलं की तो पेट्रोल जास्त सोडणार, कायम चोक ओढून ठेवल्यासारखं. तो बिचारा बरोबरच काम करत होता. काही शे रुपयांचा थर्मोस्टॅट, रेडिएटर उघडून साफ, नवीन प्लग. पहिल्याच फेरीत साडेदहा मिळालं. दाजी म्हणाले, ‘नशीब तुझं.’ नशीब नव्हतं दाजी, मोजलं होतं.

आणि कार्बुरेटरचं म्हणाल, तर लेहच्या रस्त्यावर त्याच दाजींची गाडी काळा धूर सोडत होती. लेहजवळची खारदुंग ला खिंड ५,३०० मीटरच्या वर आहे, तिथं हवेचा दाब जवळपास निम्मा होतो. कार्बुरेटरला ते कळत नाही, जेट बदलावे लागतात. एमपीएफआयचा मॅप सेन्सर दाब मोजतो आणि कॉम्प्युटर आपणहून पेट्रोल कमी करतो. ताकद दोघांचीही जाते, पण धूर एकाचाच निघतो.

आता तुमच्या गाडीचं. टायरचा व्यास ६६८ मिलिमीटरवरून ७३३ च्या पुढं गेला, म्हणजे जवळपास दहा टक्के. प्रत्येक गिअर तेवढा लांबला, म्हणून घाटात मरते. ते रिमॅपनं भरून येत नाही, डिफरन्शिअलचा (ॲक्सलमधल्या गिअरचा) रेशो बदलावा लागतो किंवा टायर लहान करावे लागतात. शिवाय तुमचा मीटर दहा टक्के कमी किलोमीटर दाखवतोय, तेव्हा साडेसात म्हणजे खरे सव्वाआठ. बाकीचं पेट्रोल कुठं जातंय ते थर्मोस्टॅट, मॅप सेन्सरचा व्हॅक्यूम पाइप, लॅम्ब्डा सेन्सर (एक्झॉस्टमधला ऑक्सिजन बघणारा) आणि इंजिनाची अर्थिंग यांत शोधा.

पिगीबॅक तर मला पटतच नाही. सेन्सर आणि कॉम्प्युटरच्या मध्ये बसून तो खोटं सांगतो. साध्या चालीत लॅम्ब्डा सेन्सर ते खोटं पकडतो आणि हवा-पेट्रोलचं मिश्रण परत १४.७ ला एक असं आणून ठेवतो. फरक दिसतो तो पूर्ण अॅक्सिलरेटरलाच. तिथं १२.५ ते १३ हवं, आणि ते बघायला वाइडबँड सेन्सर (मिश्रणाचा नेमका आकडा सांगणारा) लागतो. गाडीतल्या साध्या सेन्सरला ते दिसत नाही. तो न लावता ट्यूनिंग करणाऱ्याकडं गाडी देऊ नका. टर्बो नसलेल्या १३०० सीसीतून एवढं करून चार-पाच बीएचपी निघाले तर निघाले.

एक मात्र आहे. सगळे सेन्सर ठणठणीत असतील आणि कॅमशाफ्ट किंवा एक्झॉस्ट बदललेला असेल, तर रिमॅपला अर्थ आहे. त्यातही घाटात लोडवर मिश्रण पातळ ठेवून इग्निशन पुढं घेतलं (ठिणगी लवकर पाडली) तर नॉकिंगनं, म्हणजे पेट्रोल अवेळी भडकून बसणाऱ्या ठोक्यांनी, पिस्टन जातो, हे ध्यानात असू द्या. आणि मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ रचनेत बदल करू देत नाही. टायरचंही आरटीओत विचारून घ्या.

थर्मोस्टॅट आणाल तेव्हा त्याचं पॅकिंगही (गॅस्केट) नवीन घ्या. बसवताना थर्मोस्टॅटवरची हवा जायची छोटी पिन वरच्या बाजूला ठेवा, नाहीतर हवा अडकून गाडी परत गरम होईल आणि तुमचा मेस्त्री तो पुन्हा काढून टाकेल.