फॉर्मवर फ्लूट, मनात ट्रॉम्बोन

“मॅडम, आम्ही घाई केली का? नऊच वर्षांची आहे हो ती. शाळेतून बँडचा फॉर्म आला, आठवड्यात भरून द्यायचा होता, आम्ही भरला. आता सरावाच्या दिवशी सकाळी तिच्या पोटात दुखतं. वाजवायला घेतलं की चक्कर येते म्हणते. डॉक्टरांनी सगळं तपासलं, काही निघालं नाही. म्हणजे मनाचंच ना? एवढ्याशा जिवावर ओझं टाकलं आम्ही.”

आई एका दमात बोलली. वडील जरा वेळ गप्प होते, मग म्हणाले, “हिचं म्हणणं, काढून टाकू. मी म्हणतो, एकदा सोडू दिलं की प्रत्येक गोष्ट अर्ध्यावर सोडायची सवय लागेल.”

शाळेच्या बँडची किंवा ऑर्केस्ट्राची नावनोंदणी सुरू झाली की हे दोन प्रश्न मला दर वर्षी कुणी ना कुणी विचारतं. इतक्या लवकर घालावं का, आणि घातल्यावर सोडू द्यावं का. या मुलीच्या बाबतीत दोन्हींच्या तळाशी वेगळंच काही होतं, म्हणून तिची गोष्ट लिहिते आहे. आईवडिलांची परवानगी घेतली आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

पहिल्या भेटीनंतर माझाही कल आईकडे झुकला होता. आठवड्यातून दोनदा शाळेत सराव, घरी रोज वीस मिनिटं, शिवाय अभ्यास आणि पोहणं. ‘वेळापत्रक हलकं करायला हवं’ असं मी टिपणात लिहूनही ठेवलं. मुलीशी एकटीशी बोलल्यावर मात्र ती ओळ खोडावी लागली.

लहान मुलांना ‘तुला काय त्रास होतो’ असं विचारून फारसं हाती लागत नाही. मी तिला कागद दिला आणि बँडची खोली काढायला सांगितली. तिने खुर्च्या काढल्या, रांगा काढल्या, पुढच्या रांगेत कोपऱ्यात स्वतःला काढलं, हातात एक साधी रेघ. ती रेघ म्हणजे फ्लूट. मग ती मागच्या रांगेकडे वळली आणि तिथे मात्र रमली. एक मोठं वाद्य, त्याची पुढे-मागे सरकणारी लांब नळी, फुलासारखं उघडलेलं तोंड, तोंडाशी धरायचा पेल्यासारखा भाग. खोडरबर घेऊन दोनदा दुरुस्त केलं.

“हे काय गं?”

“ट्रॉम्बोन. त्याचा आवाज घसरगुंडीवरून येतो.”

“तू वाजवून पाहिलास कधी?”

“त्या दिवशी. मोठ्या वर्गातली मुलं वाजवून दाखवायला आली होती ना, तेव्हा. माझा आवाज लगेच आला. सर म्हणाले, वा!”

“मग फॉर्मवर तोच लिहायचास की.”

तिने पेन्सिलीचं टोक कागदावर फिरवत सांगितलं, “आई म्हणाली, ते मुलग्यांचं असतं. आणि फ्लूट दप्तरात मावतो.”

हे ती तक्रारीच्या सुरात बोललीच नाही. मला जास्त लागलं ते तेच. नऊ वर्षांच्या मुलीने आईचं म्हणणं बिनबोभाट मान्य केलं होतं आणि मग तिच्या पोटात दुखायला लागलं होतं.

आईवर राग धरावा असं यात काही नाही. वाद्यांना असा शिक्का मारणं तिने एकटीने सुरू केलेलं नाही. अमेरिकेत हॅरल्ड एबेलेस आणि सुझन पोर्टर यांनी १९७८ साली याच विषयावर अभ्यास प्रसिद्ध केला. फ्लूट, व्हायोलिन, क्लॅरिनेट लोकांना ‘मुलींची’ वाटत होती. ड्रम, ट्रॉम्बोन, ट्रम्पेट ‘मुलग्यांची’. इतकी वर्षं उलटून गेली, तरी माझ्यासमोर बसलेल्या घरांमध्ये हीच वाटणी मला अजून ऐकू येते. ड्रमवर जीव असलेल्या मुली आणि फ्लूट मागायला लाजणारे मुलगे, दोन्ही मी पाहिले आहेत.

चक्कर मात्र मनाची नव्हती, आणि हे मी आईवडिलांना आधी स्पष्ट सांगितलं. फ्लूट वाजवताना फुंकर छिद्राच्या कडेवर घासून जाते, तिचा बराचसा भाग बाहेरच उडून जातो आणि वाद्याकडून श्वासाला अडसर जवळपास होत नाही. नवखं मूल आवाज निघत नाही म्हणून आणखी जोरात, आणखी भराभर फुंकतं. त्यात शरीरातला कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा जास्त बाहेर पडतो आणि डोकं हलकं होतं. फ्लूट शिकवणाऱ्यांना हे चांगलं ठाऊक असतं. बसून वाजवणं, आखूड स्वर, मध्ये विश्रांती, एवढ्यावर बहुतेकांचं भागतं. पण आपल्याला न आवडणाऱ्या वाद्याने चक्कर आणली की मुलाला ती शिक्षा वाटते. आणि घरात “नाटकं करते” असा शब्द एकदा जरी निघाला, तरी मूल सांगायचंच बंद होतं. या घरात तो निघाला होता.

मग मी शाळेच्या संगीत शिक्षकांना भेटले. नाव पुढे करणाऱ्या शिक्षकांकडे पालक जरा संशयानेच बघतात, जणू त्यांना फक्त संख्या भरायची असते. या सरांनी मला त्यांची वही दाखवली. वाद्य-ओळखीच्या दिवशी प्रत्येक मुलाने काय काय वाजवून पाहिलं, आवाज कसा आला, चेहरा कसा होता, याची ओळ-ओळ नोंद. या मुलीच्या नावापुढे होतं, ‘ट्रॉम्बोन, पहिल्याच फुंकरीत स्वर, सोडवत नव्हती.’ गंमत म्हणजे त्या वर्षी फ्लूटसाठी अकरा जण होते आणि ट्रॉम्बोनसाठी एकच. सरांनाच ती हवी होती.

“मग बोलला का नाहीत?”

“फॉर्मवर पालकांची सही असते. पहिली पसंती फ्लूट लिहिलेली. त्यावर मी काय बोलणार?”

सरांची अडचण खोटी नव्हती. पण ती वही नोंदणीच्या आधी आईवडिलांच्या समोर उघडली गेली असती, तर तीन महिन्यांची पोटदुखी वाचली असती, असं मला आजही वाटतं.

इतक्या लवकर का बोलावता, हेही मी त्यांना विचारलं. त्यांचं उत्तर मला पटलं. नऊ-दहा वर्षांच्या मुलांना एकमेकांसमोर बेसूर वाजवायची लाज नसते. सगळेच किंचाळतात, सगळेच हसतात, पुढे जातात. तेराव्या वर्षी तेच मूल एक चुकीचा स्वर निघाला तर आठवडाभर वाद्याला हात लावत नाही. शिवाय तोवर खेळ, क्लास, परीक्षा यांनी दिवस भरून गेलेला असतो. मग जागा उरत नाही.

पण ‘लवकर’ म्हणजे नेमकं किती, हे वाद्यावर ठरतं. व्हायोलिन पाव, अर्धा, पाऊण अशा मापांत मिळतं, अगदी एक-सोळांशापर्यंत, त्यामुळे तीन-चार वर्षांचं मूलही ते धरू शकतं. जपानचे शिनिची सुझुकी (१८९८-१९९८) एवढ्या लहान मुलांना शिकवायचे ते याच जोरावर. त्यांच्या पद्धतीत मूल मातृभाषेसारखं आधी भरपूर ऐकतं, आई किंवा वडील शेजारी बसतात आणि नोटेशन वाचणं नंतर येतं. फुंकून वाजवायच्या वाद्यांना दात लागतात. वरचे पुढचे दोन कायमचे दात साधारण सातव्या-आठव्या वर्षी येतात, त्यांच्या बाजूचे आठव्या-नवव्या. शाळांचे बँड बहुधा नऊ-दहाच्या सुमारास सुरू होतात, त्यामागे हेही एक कारण आहे. क्लॅरिनेटला बोटांच्या पेरांनी छिद्रं पूर्ण झाकावी लागतात. बोटं बारीक असतील तर हवा निसटते, वाद्य चिरकतं आणि मुलाला वाटतं आपणच मठ्ठ. ओबो, बासून या फुंकून वाजवायच्या वाद्यांसाठी आणखी थांबलेलं बरं.

एकदा आठ वर्षांचा एक मुलगा माझ्याकडे आला होता. पुढचे दात नुकतेच फुटत होते आणि तोंडाला ट्रम्पेट. ओठ दुखायचा, तो रडायचा, घरात रोज भांडण. तिथे मी सरळ एक वर्ष थांबा म्हणून सांगितलं आणि समूहगायनात घाला असं सुचवलं. तिथे घाई झाली होती हे मान्य करण्यात काही कमीपणा नाही.

या मुलीचे दात, बोटं, कान, सगळं जागेवर होतं. अडचण एकच, ट्रॉम्बोनसाठी हात आखूड. त्याच्या नळीची सात स्थानं असतात आणि नऊ वर्षांच्या मुलाचा हात सातव्यापर्यंत सहसा पोचत नाही, बऱ्याचदा सहाव्यापर्यंतही नाही. त्यावर उपाय आहेत. अंगठ्याच्या कळीचे ट्रॉम्बोन असतात, त्यांत सहाव्या स्थानाचा स्वर नळी न लांबवता निघतो. प्लास्टिकचे हलके असतात. किंवा शिक्षक तो स्वर काही महिने टाळून धडे देतात. सरांनी शाळेचाच एक जुना, कळीचा ट्रॉम्बोन द्यायची तयारी दाखवली.

आता वडिलांचा प्रश्न उरला होता. “आज फ्लूट सोडला, उद्या ट्रॉम्बोन सोडेल.”

मी त्यांना गॅरी मॅकफर्सन या ऑस्ट्रेलियन संशोधकाचं काम सांगितलं. शाळेच्या बँडमध्ये वाद्य सुरू करणाऱ्या दीडशेहून जास्त मुलांना त्यांनी शिकायच्या आधीच विचारलं होतं, तू हे किती दिवस वाजवशील असं तुला वाटतं? कुणी म्हणालं यंदापुरतं, कुणी शाळा संपेपर्यंत, कुणी कायम. पुढे दिसलं ते असं, की ज्यांनी लांबचा पल्ला सांगितला होता, ती मुलं तेवढ्याच सरावात इतरांपेक्षा पुढे गेली. नुसता सराव वाढवून ते अंतर भरत नव्हतं. म्हणून मी वडिलांना म्हटलं, “तिला हा एकच प्रश्न विचारा. फ्लूटबद्दल विचारा, मग ट्रॉम्बोनबद्दल विचारा. मध्ये बोलू नका.”

त्यांनी माझ्यासमोरच विचारलं. फ्लूटबद्दल ती म्हणाली, “हे वर्ष संपेपर्यंत, तुम्ही म्हणालात तर.” ट्रॉम्बोनबद्दल तिने बराच विचार केला आणि विचारलं, “मोठी झाले की शाळेचा परत द्यावा लागेल ना? मग माझा वेगळा घ्यावा लागेल.”

वडिलांनी चष्मा काढून पुसला. त्या दिवशी सवयीचा मुद्दा त्यांनी पुन्हा काढला नाही.

आईच्या मनात आणखी एक गोष्ट होती, ती तिने शेवटी सांगितली. संगीताने बुद्धी वाढते, गणित सुधारतं, असं तिने ऐकलं होतं, म्हणून खरं तर फॉर्म भरला होता. मी तिला आशेला लावलं नाही. ग्लेन शेलेनबर्ग यांच्या २००४ सालच्या अभ्यासात संगीत शिकणाऱ्या सहा वर्षांच्या मुलांच्या बुद्ध्यांकात थोडी जास्त वाढ दिसली होती, हे खरं. पण पुढे जोवानी साला आणि फर्नांड गोबे यांनी असे अनेक अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा काटेकोर अभ्यासांमध्ये हा परिणाम जवळपास उरलाच नाही. गणितासाठी गणित करावं. मूल बँडमध्ये जातं ते तीस-चाळीस जणांत आपला स्वर कुठे बसतो हे ऐकायला, आपला ठोका येईपर्यंत मोजत थांबायला, शेजारच्याचं चुकलं तरी आपलं चालू ठेवायला. मला हे पुरेसं वाटतं. आईलाही हळूहळू वाटू लागलं असावं.

वाद्य बदललं म्हणून सगळं गोड झालं असं नाही. पोटदुखी तीनेक आठवड्यांत गेली. पण ती बाकीच्यांच्या तीन महिने मागे होती, पहिल्या कार्यक्रमात तिला चारच ओळी मिळाल्या आणि त्यावरून ती घरी येऊन खूप रडली. आईने पुन्हा मला फोन केला, “काढू का?” मी विचारलं, “ती काय म्हणते?” आई थांबली. “ती म्हणते, पुढच्या वेळी सगळ्या ओळी हव्यात.” मग काढायचं कशाला?

सोडू द्यायचं केव्हा, हेही पालक विचारतात. माझा साधा ठोकताळा आहे. कार्यक्रम तोंडावर असताना, एका वाईट दिवसानंतर किंवा भांडणाच्या भरात सोडायचं नाही. कार्यक्रम होऊ द्यावा, दोन आठवडे जाऊ द्यावेत आणि मग शांतपणे विचारावं. तेव्हाही मूल नाही म्हणालं, तर ते ऐकावं. माझ्याकडे आलेल्या एका मुलाने दोन वर्षं चेलो वाजवून असाच निरोप घेतला, शिक्षकांना स्वतः भेटून सांगून आला. त्याला मी अर्ध्यावर सोडणारा म्हणणार नाही.

त्या शाळेच्या सरांनी यंदा फॉर्ममध्ये एक बदल केला आहे. वर एक चौकट मुलाने स्वतःच्या अक्षरात भरायची, ती वर्गातच, वाद्य हातात धरून पाहिल्यावर लगेच. पालकांची चौकट खाली. दोन्हींत वेगळं वाद्य असेल, तर सर आधी घरी फोन करतात. नोंदणीला त्यामुळे आठवडाभर उशीर होतो आणि पटसंख्या कमी पडेल ही धाकधूक त्यांना असतेच.

मुलगी मध्यंतरी दुसऱ्याच कामासाठी आईबरोबर आली होती. आता अकरा वर्षांची आहे. आत आल्या आल्या तिने उजवा हात पुढे ताणला, नसलेली नळी सरकवली आणि म्हणाली, “सहाव्यापर्यंत पोचतो. कळ नाही लागत.” मग खांदा आणखी पुढे रेटून दाखवला. सातवं अजून चार बोटं लांब होतं.